‘तासभर एकच गाणं चाललंय की काय?’ : प्रोग्रेसिव्ह हाऊसचा मिक्स अल्बम ऐकायचा कसा

आमच्याकडे ‘डीजे’ म्हटलं की ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत, पुढे नाचणारी वरात आणि खिडक्यांच्या थरथरणाऱ्या काचा. त्यामुळे ‘काल रात्री एका डीजेचा अल्बम ऐकला’ असं मी घरी सांगितलं तेव्हा आईने विचारलं, ‘कुणाच्या लग्नात?’ मित्रांची तऱ्हा वेगळी. त्यांना हेडफोन दिले की दहाव्या मिनिटाला एक कान मोकळा करून ते हमखास विचारतात, ‘अरे, तासभर हे एकच गाणं चाललंय की काय?’

प्रश्न रास्त आहे. डीजे मिक्स अल्बम म्हणजे एखाद्या डीजेने बहुतेक दुसऱ्यांचेच ट्रॅक निवडायचे, ओळीने लावायचे आणि एकात एक मिसळून तास-सव्वा तास सलग वाजवायचे. प्रोग्रेसिव्ह हाऊसमध्ये (क्लबात वाजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नाचसंगीताचा हा एक संथ प्रकार) ही मिसळण इतकी सावकाश असते की एक ट्रॅक कधी सरला आणि दुसरा कधी लागला हे पहिल्या खेपेस कळतच नाही. माझं म्हणणं एवढंच, की हा प्रकार गाण्यांत कमी आणि गाण्यांच्या सांध्यांत जास्त असतो. चांगल्या सुताराचं काम बघताना जाणता माणूस सांध्यावरून बोट फिरवतो. इथे ते काम कानाने करायचं. त्याला थोडी सवय लागते आणि ती कशी लावायची तेच पुढे लिहिलंय.

आधी नाव नीट शोधा

पहिला घोळ नावाचाच आहे. ‘प्रोग्रेसिव्ह हाऊस’ हे नाव रूढ होण्याचं श्रेय साधारणपणे ‘मिक्समॅग’ या ब्रिटिश मासिकातल्या डॉम फिलिप्स यांच्या १९९२च्या लेखाला दिलं जातं. (हेच फिलिप्स पुढे ब्राझीलमध्ये पत्रकारिता करू लागले आणि २०२२ मध्ये ॲमेझॉनच्या जंगलात त्यांची हत्या झाली.) तेव्हा हे नाव होतं लेफ्टफील्डसारख्या मंडळींच्या आणि गुरिला रेकॉर्ड्ससारख्या लेबलांच्या, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्यांच्या, संगीतासाठी. हाऊसचा सरळ चार ठोक्यांचा पाया, पण त्यावर डबचा (रेगेतून निघालेला प्रकार) खोल बास, सिंथसायझरचे लांबलचक सूर आणि घाई कसलीच नाही. २०१०च्या आसपास मात्र मोठ्या फेस्टिवलांत वाजणाऱ्या, दर मिनिटाला ‘आता उडी मारा’ म्हणणाऱ्या ट्रॅकांवरही संगीत विकणाऱ्या दुकानांनी हाच शिक्का मारला. त्यामुळे ॲपमध्ये नुसतं ‘प्रोग्रेसिव्ह हाऊस’ टाकून शोधलंत तर भलतंच काहीतरी हाती लागेल. शोधायचं ते डीजेच्या किंवा मालिकेच्या नावाने.

ही नावं थोडकीच आहेत. इंग्लंडमधल्या मॅन्सफील्डच्या ‘रेनेसान्स’ क्लबने १९९४ मध्ये साशा आणि जॉन डिगवीड या जोडीचा तीन सीडींचा ‘द मिक्स कलेक्शन’ काढला. त्याच जोडीचा ‘नॉर्दर्न एक्स्पोजर’ १९९६चा, दोन सीडींचा, एक ‘नॉर्थ’ आणि एक ‘साउथ’. पुढच्या वर्षी त्याचा दुसरा भाग आला तो ‘ईस्ट’ आणि ‘वेस्ट’. १९९६ मध्येच न्यूकासलहून ‘ग्लोबल अंडरग्राउंड’ ही मालिका सुरू झाली. तिच्यात प्रत्येक अल्बमला एका शहराचं नाव असतं. निक वॉरनचा प्राग, डिगवीडचा सिडनी, साशाचा सॅन फ्रान्सिस्को. त्या शहरात वाजवलेल्या रात्रीवर हे अल्बम बेतलेले असतात, मुखपृष्ठावरही ते शहर असतं. ऑस्ट्रेलियाची ‘बॅलन्स’ मालिका जरा डोकेबाज आहे, ती नंतर. अर्जेंटिनाचा एर्नान कात्तानेओ आणि इस्रायलचा गाय जे ही आत्ताची चालती नावं.

सुरुवात कुठून करू, असं मला विचारलं तर मी साशाचा २००४चा ‘इन्व्हॉल्व्हर’ सांगतो. ‘नॉर्दर्न एक्स्पोजर’ जास्त थोर आहे हे मान्य, पण त्याची पहिली डिस्क जवळजवळ ठोक्यांशिवाय, धुक्यातून आल्यासारखी उघडते आणि नवा माणूस तिथेच पेंगतो. ‘इन्व्हॉल्व्हर’ एकाच डिस्कवर मावणारा आहे, ट्रॅक मोजून दहा. ओळखीची गाण्यासारखी गाणी आहेत, गळा आहे, धरून ठेवायला दोरी आहे. शिवाय यात साशाने ट्रॅक नुसते लावले नाहीत. प्रत्येकाचे सुटे भाग घेऊन, ते नव्याने बांधून, ‘एबलटन लाइव्ह’ या सॉफ्टवेअरमध्ये एकसंध केले. म्हणजे ‘याने केलं काय, दुसऱ्यांची गाणी तर लावली’ हा आक्षेप पहिल्याच दिवशी निकालात निघतो.

गोव्याचा धागा इथे खराखुरा आहे, ओढूनताणून आणलेला नाही. ‘इन्व्हॉल्व्हर’मधला दुसरा ट्रॅक श्पाँगल या जोडीचा. तिच्यातला सायमन पॉसफर्ड ‘हॅल्युसिनोजेन’ या नावाने गोवा ट्रान्स (गोव्याच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांतून निघालेलं इलेक्ट्रॉनिक संगीत) करून गाजलेला. ब्रिटिश डीजे पॉल ओकनफोल्डने बीबीसी रेडिओ वनवर डिसेंबर १९९४ मध्ये जो सेट वाजवला तो तर ‘गोवा मिक्स’ म्हणूनच ओळखला जातो. आणि ‘अंजुनाबीट्स’, ‘अंजुनाडीप’ ही लंडनची लेबलं ज्या अंजुण्याच्या नावावर चालतात ते आपलं बार्देशातलंच.

मग सेटिंग तपासा (दोन मिनिटांचं काम)

शफल बंद. क्रॉसफेड (एक ट्रॅक मंद करत त्यावर पुढचा चढवणं) बंद. ट्रॅकांमध्ये खंड न पाडता वाजवण्याचा पर्याय चालू. बस्स.

हे वाचून हसू नका. मी पहिल्यांदा ‘नॉर्दर्न एक्स्पोजर’ ऐकला तेव्हा माझ्या ॲपमध्ये बारा सेकंदांचा क्रॉसफेड चालू होता. म्हणजे डीजेने आधीच मिसळलेल्या सांध्यावर ॲप स्वतःची मिसळण करत होतं. दर सात-आठ मिनिटांनी ठोके अडखळत, आवाज खाली जाई, परत वर येई. मी आमच्या ग्रुपवर ठणकावून लिहिलं की एवढं नाव ऐकलं होतं या जोडीचं, पण सांधे सगळे उसवलेले आहेत. चार दिवस वाद घातला. पाचव्या दिवशी एकाने माझा फोन हातात घेतला, सेटिंग उघडलं आणि काही न बोलता मला दाखवलं.

दुसरं, जुने मिक्स अल्बम परवान्यांच्या गुंत्यामुळे ॲपवर बऱ्याचदा नसतात, किंवा असले तर मधलेच एक-दोन ट्रॅक गायब असतात. मधला ट्रॅक गेला की त्याच्या दोन्ही बाजूंचे सांधे गेले. अशा वेळी तो अल्बम तिथे ऐकूच नका. जुनी सीडी मिळवा किंवा सलग रेकॉर्डिंग शोधा. ब्रिटिश आणि अमेरिकी आवृत्तीत ट्रॅक वेगळे असू शकतात, ‘नॉर्दर्न एक्स्पोजर’चं तसंच आहे. मित्राशी चर्चा करण्याआधी दोघांकडे एकच आवृत्ती आहे ना, हे बघून घ्या.

तिसरं, फोनच्या स्पीकरवर नको. त्यातून खालचा बास येतच नाही आणि या संगीताची निम्मी गोष्ट तिथेच घडते. महागडं काही लागत नाही, कानात नीट बसणारे साधे वायरवाले इअरफोन चालतात. आवाज इतका ठेवा की शेजारी कुणी बोललं तर ऐकू यावं. सव्वा तास आहे, कानांना तो पुरवायचाय.

पहिली खेप: काहीच करू नका

वही नको, ट्रॅकलिस्ट समोर नको, मुख्य म्हणजे ‘हे कोणतं गाणं?’ म्हणून फोन स्पीकरपुढे धरणं नको. एखादं हाताला येईल पण डोक्याला येणार नाही असं काम काढा. भांडी, इस्त्री, लांब चालणं, रात्रीचा एसटीचा प्रवास. पुण्याहून दादरला जाताना रात्रीच्या शिवनेरीत दोन डिस्क आरामात होतात, आणि घाटात दिवे मागे पडत असताना ‘नॉर्थ’ ऐकलेली असेल तर ती पुन्हा घरात तितकी जमत नाही, हा माझा अनुभव.

या खेपेत साधारण विसाव्या ते तिसाव्या मिनिटाच्या दरम्यान कंटाळा येईल. येऊ द्या. इथे सोडून देणारे पुष्कळ असतात आणि त्यांचा मत देण्याचा हक्क मी नाकारत नाही. पण डीजेने ही सपाटी मुद्दाम ठेवलेली असते हे ध्यानात घ्या. पुढे जो चढ यायचाय तो या सपाटीवरूनच मोजायचा असतो.

दुसरी खेप: मोजायला शिका

हे जमलं की निम्मं काम झालं. प्रोग्रेसिव्ह हाऊसचा वेग साधारण मिनिटाला १२० ते १२८ ठोके. चार ठोक्यांचा एक बार. आणि जवळजवळ प्रत्येक बदल आठ, सोळा किंवा बत्तीस बारांच्या हद्दीवरच होतो.

हिशेब करून बघू. वेग १२४ धरला तर एक ठोका अर्ध्या सेकंदाहून किंचित कमी. आठ बार म्हणजे ३२ ठोके, साडेपंधरा सेकंद. सोळा बार म्हणजे ३१ सेकंद. बत्तीस बार म्हणजे जवळपास एक मिनिट. घड्याळ लावून बसायची गरज नाही. बोटांच्या पेरांवर मोजा. एका पेरावर एक बार, चार बोटांची बारा पेरं नको, आठच घ्या, म्हणजे प्रत्येक बोटाचं एक पेर वगळायचं. आठवं पेर सरलं की काहीतरी नवं आलेलं असतं. एक हाय-हॅट (ड्रमच्या झांजेचा आवाज), टाळीचा आवाज, मागे हळूच सुरू झालेला एखादा सूर. कधी काहीतरी जातं, तेही तिथेच.

एका रविवारी मी स्पीकरवर अशीच एक डिस्क लावून पेरं मोजत बसलो होतो. मावशी मटार सोलत होती. ती भजनी मंडळात टाळ धरते, चाळीस वर्षं झाली. अर्धा तास काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘ठेका सोडत नाही हं मेला. पण अरे, हा येणार येणार म्हणून किती वेळ ताटकळवतो!’ मी तिला मोजणी समजावायला गेलो तर म्हणाली, ‘ते कळलं रे मला, आठाला वळतंय.’ तिने एकदाही मोजलं नव्हतं. समेची सवय असलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. आणि ‘येणार येणार’ हे तिचं वर्णन मी आजवर या प्रकाराबद्दल ऐकलेल्यांतलं सर्वांत नेमकं आहे. आपल्याकडे ख्यालाच्या बढतीत गवय्या एक-एक स्वर जसा उलगडत जातो, तसा इथला डीजे एक-एक थर उलगडतो. फरक हा की बढत रागाने बांधलेली असते आणि इथे बांधून ठेवायला पायातला तो ठोका असतो.

तिसरी खेप: सांधा ऐका

आता ट्रॅकलिस्ट समोर घ्या. प्रत्येक ट्रॅक कितव्या मिनिटाला सुरू होतो ते बघा आणि त्याच्या दीड-दोन मिनिटं आधीपासून कान टवकारा. ॲपवर दाखवलेली सुरुवात ही सीडीवर क्रमांक पाडायचा म्हणून कुणीतरी ठरवलेली रेघ असते. खरा सांधा तिच्या दोन्ही बाजूंना पसरलेला असतो.

सांध्यात काय घडतं ते एकदा संथपणे बघू. समजा पहिला ट्रॅक अ, येणारा ब. दोघांचा वेग आधी एक केलेला असतो. हे किती काटेकोर असावं लागतं? अ जर १२४वर आणि ब १२४.५वर असेल तर मिनिटभरात दोघांत अर्ध्या ठोक्याचं अंतर पडतं. म्हणजे एकाचा ठोका नेमका दुसऱ्याच्या दोन ठोक्यांच्या मध्ये पडायला लागतो आणि दोन माणसं एकाच लाकडी जिन्यावरून वेगवेगळी उतरतायत असं ऐकू येतं. नव्वदीत हे काम रेकॉर्डवर, हाताने, कानाने व्हायचं. टेक्निक्सच्या एसएल-१२०० मार्क टू या तबकडीयंत्रावर वेग वरखाली करायची पट्टी असते, आठ टक्के इकडे, आठ टक्के तिकडे. आणि तबकडी सहा टक्के जोरात फिरवली की सूरही अर्ध्या स्वराने चढतो, हा भाग वेगळाच. म्हणजे वेग जुळवताना सूर बिघडणार नाही ना, हेही बघायचं.

वेग जुळला की पहिल्या सोळा बारांत ब-चा फक्त वरचा भाग आत येतो. हाय-हॅट, शेकर, असं काहीतरी करकरीत. तुम्हाला वाटतं अ मध्येच काही नवं आलं. पुढच्या सोळा बारांत ब-चा ठोका अ-च्या ठोक्याखाली सरकतो. इथे लक्ष द्या: बास अजून एकाचाच आहे. दोन बासलाइन एकदम वाजल्या की खाली सगळा चिखल होतो, म्हणून येणाऱ्याचा बास मिक्सरच्या बटणाने पूर्ण कापून ठेवलेला असतो. आणि मग बत्तीस बारांच्या हद्दीवर एका ठोक्यात अ-चा बास जातो आणि ब-चा येतो.

हा तो क्षण. वरचं सगळं होतं तसंच आहे, तोच सूर तरंगतोय, पण पायाखालची फरशी बदलली. क्लबमध्ये याच वेळी लोक न ठरवता एकदम ओरडतात. घरी ऐकताना मानेमागे थंड वाटतं. यापुढे अ-चा एखादाच सूर राहतो, ब-च्या डोक्यावर अजून मिनिटभर घिरट्या घालतो आणि विरतो. या वेळात दोन्ही ट्रॅकांचा मिळून जो तिसरा ट्रॅक वाजतो, तो कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही. पुढे तुम्ही ब सुटा मिळवून ऐकलात की हमखास वाटतं, ‘अरेच्चा, त्यातला तो सूर कुठे गेला?’ तो सूर अ-चा होता.

दोन्ही ट्रॅक सुरात जुळतायत का हे ऐकायला शास्त्र शिकावं लागत नाही. हार्मोनियम-तबला जुळलेला नसला की आपल्याला बसवत नाही, तेवढा कान पुरे. डीजे यासाठी घड्याळासारखं बारा आकड्यांचं एक चक्र वापरतात आणि सहसा शेजारच्या आकड्यावरच्या स्वरपट्टीत जातात. चांगला डीजे कधी मुद्दाम लांब उडीही मारतो आणि ती खपून जाते, कारण मध्ये त्याने सूर नसलेला, नुसत्या तालाचा ट्रॅक ठेवलेला असतो.

आकार बघायचा तो लांब उभं राहून

सांधे कळू लागले की माणसाला त्यांचंच वेड लागतं आणि तो अल्बम विसरतो. मला वर्षभर तसं झालं होतं. त्यावर उतारा म्हणजे एका कागदावर आडवी रेघ काढायची, तिच्यावर दर दहा मिनिटांची खूण, आणि ऐकता ऐकता तुमच्या अंगातल्या जोराचा आलेख हात न उचलता काढत जायचं. विचार न करता. ‘इन्व्हॉल्व्हर’चा माझा आलेख नेहमी एकाच जागी सर्वांत वर जातो, शेवटून दुसऱ्या ट्रॅकवर, म्हणजे अंकल (UNKLE) या बँडच्या ‘इन अ स्टेट’वर. आमच्यातल्या बहुतेकांचा तिथेच जातो. मग उलरिख श्नाउसचा ‘ऑन माय ओन’ येतो आणि रेघ खाली न पडता अलगद पसरते. शिखर अगदी शेवटाशी ठेवून उतरायला एकच ट्रॅक देणं हे धाडस आहे. साठ-सत्तर मिनिटं कोणाला ताटकळवायचं असेल तर आपल्याकडे शेवटी देण्यासारखं काही आहे याची खात्री लागते.

दोन डिस्कचा अल्बम असेल तर दोन वेगळे कागद घ्या. सीडीवर जेमतेम ७४ ते ८० मिनिटं मावतात. या तांत्रिक अडचणीतूनच एक रीत पडली: पहिली डिस्क संध्याकाळची, दुसरी मध्यरात्रीची. लगोलग दोन्ही ऐकू नका. मध्ये चहा घ्या.

आता मत द्या, पण कसं

या अल्बमांवर लोक काय बोलतात हे वर्षानुवर्षं वाचून-ऐकून माझ्या लक्षात आलंय की वाद दोन-तीनच असतात. पहिला, डिस्क एक की डिस्क दोन. यात लोक पक्ष बदलत नाहीत, पण वय वाढलं की हळूहळू पहिल्या डिस्ककडे सरकतात. दुसरा, हा खरा डीजेने वाजवलाय की संगणकाने? योरिस व्होर्नच्या २००९च्या ‘बॅलन्स ०१४’मध्ये दोन डिस्कवर शंभराहून जास्त ट्रॅकांचे तुकडे वापरलेत. दोन हात आणि दोन तबकड्यांवर हे होणं नाही. मग हे डीजेइंग म्हणायचं की रचना? माझं उत्तर बेफिकिरीचं आहे. सांधा जमला असेल तर तो हाताने घासला की यंत्राने, हे विचारायला मी जात नाही. तिसरा वाद, ‘पूर्वीचं राहिलं नाही.’ यावर बोलण्यात अर्थ नाही.

शब्दांत मत देण्याचीच गरज आहे असंही नाही. अर्जेंटिनातले लोक कात्तानेओच्या सेटला सिंथची धून फुटबॉलच्या मैदानासारखी तोंडाने गातात. शब्द नसलेलं गाणं, हजारोंच्या तोंडी. त्याच कात्तानेओने २०१८ मध्ये ब्वेनोस आयरेसच्या तेआत्रो कोलोन या ऑपेरागृहात वाद्यवृंदासह कार्यक्रम केले. खुर्चीत बसून ऐकणं हाही प्रतिसादच.

पण लिहायचं किंवा मित्राला सांगायचं असेल तर ‘अप्रतिम प्रवास’ हे दोन शब्द आधी खोडा. सगळे तेच लिहितात आणि त्यावरून कुणालाच काही कळत नाही. त्याऐवजी तीन गोष्टी सांगा: कितवं मिनिट, तिथे ऐकू काय आलं, आणि तुम्हाला काय झालं. माझ्या वहीतलं एक पान जसंच्या तसं देतो, अल्बमचं नाव मुद्दाम गाळून:

‘०६:१० पर्यंत ठोका नाही. पाऊस पत्र्यावर पडतोय असा आवाज. ०७:००ला ठोका आला तो आधीपासून होता असं वाटलं. १९:३० कंटाळा. २४:०० अजून कंटाळा, फोन बघितला. ३१:४० बास बदलला, फोन खाली ठेवला. ४८:०० बाई गायला लागली, नको होती. ५२:०० तिचाच आवाज उलटा वाजवलाय बहुतेक, आता हवी होती. शेवट घाईत.’

एवढ्यावरून वाचणाऱ्याला ऐकायचं की नाही हे ठरवता येतं. ‘कंटाळा आला’ हे लाज न बाळगता लिहा, फक्त कुठे आला ते लिहा. विसाव्या मिनिटाला आलेला कंटाळा वेगळा आणि साठाव्या मिनिटाला आलेला वेगळा. पहिल्यात तुमचा वाटा असू शकतो, दुसऱ्यात बहुधा डीजेचा असतो.

आणि नावडलं तर नेमकं काय नावडलं ते वेगळं करा: ट्रॅकांची निवड, क्रम, की सांधे? निवड नावडली तर तो डीजे तुमचा नाही, पुढे चला. सांधे नावडले तर आधी क्रॉसफेड बघा. क्रम नावडला असेल तर ट्रॅक सुटे घेऊन तुमचा क्रम लावून बघा. मी एकदा ‘इन्व्हॉल्व्हर’चे दहाही ट्रॅक सुटे करून ‘इन अ स्टेट’ पाचव्या जागी आणला होता. पुढचे पाच ट्रॅक कुणी ऐकले नाहीत. मीसुद्धा.

सगळ्यात शेवटी ट्रॅकांची नावं

बहुतेक जण इथून सुरू करतात, मी हे मुद्दाम शेवटी ठेवलंय. तीन खेपा झाल्या की ज्या ट्रॅकने धरून ठेवलं त्याचं मूळ रूप शोधा आणि ते पूर्ण ऐका. बऱ्याचदा निराशा होईल. सात मिनिटांतली पहिली दोन नुसता ठोका, शेवटची दोन पुन्हा नुसता ठोका, कारण ती डीजेला सांध्यासाठी सोडलेली जागा असते, कपड्याला शिवणीत माया ठेवतात तशी. ती माया ओळखता आली की मग उलटा खेळ खेळता येतो. नवा कोणताही ट्रॅक ऐकताना कान आपोआप त्याच्या टोकांकडे जातो आणि मनात येतं, याच्या आधी काय लावता येईल?

मावशीला हा खेळ मी सांगितला. ती म्हणाली, ‘त्यात काय, आम्ही अभंग संपताना पुढचा उचलतो तेव्हा हेच तर करतो.’ मग थांबून विचारलं, ‘ती ताटकळवणारी तबकडी आहे का रे तुझ्याकडे अजून? वाटाणे आहेत आज दोन किलो.’